मोनोटाइप : एकाच ठशात टिपलेली गती

आषाढी एकादशी आटोपून शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी परतीला निघते. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव या वाटेवर टाळकरी, पताकाधारी आणि पावली खेळणारे वारकरी चित्रकारांना भरपूर विषय पुरवितात. अडचण एकच असते. यांतील कोणीही चित्रासाठी थांबत नाही. अशा गतिमान मानवाकृतींसाठी मुद्राचित्रणातील ‘मोनोटाइप’ हा प्रकार विशेष उपयुक्त ठरतो.

लाकूडठसा, अम्लरेखन किंवा शिळामुद्रण यांत प्रतिमा पृष्ठभागावर कोरली अथवा पक्की केली जाते व तिच्या अनेक प्रती निघतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या छापखान्याने देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचविली, ती अशाच शिळामुद्रणाच्या बळावर. मोनोटाइपमध्ये मात्र गुळगुळीत पत्र्यावर ओल्या शाईने चित्र काढून ते कागदावर उतरवितात. बहुतेक शाई कागदावर जात असल्याने पूर्ण ठसा एकच मिळतो. सतराव्या शतकात इटालियन चित्रकार कास्तिल्योने यांनी ही पद्धत वापरली. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या एदगार देगा यांनी तिच्यातून नर्तकी साकारल्या. दुसऱ्या, फिकट ठशावर ते अनेकदा पेस्टल रंग चढवीत.

कृती

काच, अॅक्रिलिकचा तुकडा किंवा जस्ताचा पत्रा घ्यावा. काचेच्या कडा घासलेल्या असाव्यात. छपाईची तेलशाई रोलरने पातळ व समान पसरावी. घट्ट वाटल्यास जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब मिसळावेत. त्यानंतर चिंधी, काडी, कापूस व बोटांनी शाई पुसत उजेडाचे भाग काढावेत. चिंधी हालचालीच्या दिशेने एका झटक्यात ओढली, तर उचललेल्या हाताचा वेग त्या फटकाऱ्यातच उमटतो. डोळे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या यांच्या मागे लागू नये. मान, खांदे, कंबर व शरीराचा भार पेलणारे पाऊल यांचा कल आधी पकडावा.

प्रेस नसल्यास पातळ, चिवट कागद शाईवर ठेवून चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडांकडे घासावे. एक कोपरा उचलून ठसा पाहावा. कमी उमटला असेल तर कागद न सरकविता पुन्हा घासावे. जाड कागद प्रेसवर किंचित ओलसर करून वापरतात. ठशात डावे-उजवे उलटते, हे ध्यानात ठेवून पताका कोणत्या हातात आणि दिंडीची वाटचाल कोणत्या दिशेने, हे आधीच ठरवावे.

पत्र्यावर उरलेली फिकट शाई फुकट जात नाही. तिच्यावर पुढचे पाऊल नव्या शाईने रेखून दुसरा ठसा घेतला, तर आधीची स्थिती फिकट व नंतरची गडद दिसते. एकाच चित्रात दोन क्षण आल्याने आकृती चालत असल्याचा भास होतो.

काम संपल्यावर शाई गोडेतेलाने व नंतर साबणाने काढता येते. टर्पेंटाइन वापरल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

‘प्रिंट’ म्हणजे प्रत नव्हे

‘प्रिंट’ हा शब्द ऐकून अनेकजण मोनोटाइपला झेरॉक्स किंवा संगणकावरून काढलेली प्रत समजतात. चित्राचे मोल ठरविताना हा गैरसमज कलावंताला महागात पडतो. म्हणून ठशाखाली पेन्सिलीने ‘१/१’ अशी नोंद व स्वाक्षरी करण्याची प्रथा आहे. असे दुसरे चित्र अस्तित्वात नाही, हे त्या नोंदीतून ग्राहकाला कळते.

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील स्मरणचित्रासाठीही हा सराव उपकारक ठरतो. शाई वाळण्यापूर्वी आकृती पूर्ण करायची असल्याने तपशिलांत रेंगाळण्यास वाव नसतो. शिवाय यासाठी महागडे यंत्र लागत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावातील चित्रकला शिक्षकही वर्गात मुद्राचित्रणाचा पहिला धडा देऊ शकतात.