शाश्वततावाचक इंग्रजी क्रियाविशेषणे : शब्दार्थ आणि राजकीय वचन यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक :
'नेहमी', 'सदैव', 'कायमचे' या अर्थांची इंग्रजी क्रियाविशेषणे व्याकरणाच्या पुस्तकात एकाच यादीत येतात आणि विद्यार्थी ती समानार्थी म्हणून पाठ करतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हेच शब्द तहनामे, कायदे व जमिनीचे दस्तऐवज यांत भेटतात. तेथे त्यांच्या अर्थावर कोणाची जमीन, तर कोणाचे राज्य अवलंबून होते. प्रस्तुत निबंधात या शब्दांची जडणघडण आणि त्यांच्या आधारे दिलेली वचने यांचा थोडक्यात आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांची जडणघडण :
'ऑल्वेज' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'संपूर्ण वाट' या अर्थाच्या शब्दसमूहापासून आला. म्हणजे अंतर दाखविणारा शब्द पुढे काळ दाखवू लागला. 'एव्हर' या शब्दाचा मूळ अर्थ 'नेहमी' असाही होता. आज तो मुख्यतः प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत 'कधी तरी' या अर्थाने येतो. 'स्टिल' म्हणजे मुळात 'निश्चल'. शेक्सपिअरच्या काळात तो 'सतत' या अर्थाने रूढ होता, तर आज क्रियाविशेषण म्हणून तो मुख्यतः 'अद्याप' या अर्थाने येतो. जुन्या इंग्रजीतील 'सिम्ले' हा 'नेहमी' या अर्थाचा शब्द तर पूर्णपणे लोप पावला. इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच व लॅटिन भाषांचा प्रभाव वाढला आणि 'पर्पेच्युअल', 'कॉन्स्टंट', 'पर्मनंट' हे शब्द व त्यांपासून बनलेली क्रियाविशेषणे कालांतराने इंग्रजीत स्थिरावली. दरबार आणि न्यायालय यांच्या भाषेत त्यांना विशेष वजन प्राप्त झाले.

कायद्यातील 'फॉर एव्हर' :
पंधराव्या शतकातील इंग्लिश कायदेपंडित थॉमस लिटल्टन याने जमीनधारणेवरील आपल्या ग्रंथात एक लक्षणीय नियम नोंदविला आहे. एखाद्यास जमीन 'फॉर एव्हर' दिली, परंतु दस्तऐवजात 'वारस' हा शब्द नसेल, तर ती केवळ त्याच्या हयातीपुरतीच मिळते. म्हणजे क्रियाविशेषण एकट्याने चिरंतनता देऊ शकत नव्हते. आपल्याकडील सनदा-पत्रांतही 'आचंद्रार्क' अशा कालवाचक शब्दांबरोबर 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असा वारसांचा उल्लेख आढळतो, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

कायमधारा पद्धती :
२२ मार्च १७९३ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगाल, बिहार व ओरिसा येथील जमीनदारांचा सारा 'फॉर एव्हर' निश्चित झाल्याचे जाहीर केले. ठरविलेल्या खंडापैकी सुमारे १० / ११ हिस्सा सरकारचा होता. येथे कायम झाली ती साऱ्याची रक्कम, जमीनदार नव्हे. ठरल्या मुदतीत सारा न भरल्यास जमीनदारी लिलावात निघे आणि पहिल्या काही दशकांतच अनेक जुन्या जमीनदाऱ्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या. प्रत्यक्ष कसणाऱ्या रयतेला तर या कायमपणाचे संरक्षण मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर बिहारमध्ये १९५० च्या व पश्चिम बंगालमध्ये १९५३ च्या कायद्याने ही व्यवस्था संपुष्टात आणण्यात आली.

सातारा : १८१९ ते १८४८ :
महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वाधिक बोलके उदाहरण साताऱ्याचे आहे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात छत्रपती प्रतापसिंह, त्यांचे पुत्र, वारस व उत्तराधिकारी यांनी 'पर्पेच्युअली', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करावे, असे नमूद होते. लिटल्टनच्या नियमास हवे असलेले दोन्ही घटक, कालवाचक शब्द आणि वारस, येथे उपस्थित होते. तरीही १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे ५ एप्रिल १८४८ रोजी निधन झाले. त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी तहाच्या शब्दांचा आधार घेऊन दत्तकाच्या बाजूने मत दिले. कौन्सिलचे सदस्य विलोबी यांनी विरुद्ध मत मांडले आणि लॉर्ड डलहौसीने तेच ग्राह्य मानून राज्य खालसा केले. वाद 'नेहमी' या शब्दाचा राहिला नाही. तो 'वारस' कोण, या प्रश्नावर नेण्यात आला. अवघ्या २९ वर्षांत 'पिढ्यान्‌पिढ्या' संपल्या.

निष्कर्ष :
१) शाश्वततावाचक शब्दांचे अर्थ स्वतःच शाश्वत राहिलेले नाहीत.
२) दस्तऐवजात काय कायम केले आणि कोणासाठी, हे पाहिल्याशिवाय अशा शब्दांचा अर्थ लागत नाही.
३) सातारा प्रकरणात अर्थ ठरविण्याचा अधिकार वचन देणाऱ्याच्याच हाती राहिला. त्यामुळे शब्द शाबूत राहूनही वचन मोडता आले.

म्हणून तहनामे वाचताना अभ्यासकाने क्रियाविशेषणाबरोबरच ते लिहिणाऱ्या हाताचाही विचार करणे आवश्यक ठरते.