प्रश्नमंजूषा आणि पवई : एका ओळीच्या उत्तरांविषयी

'प्रश्नमंजूषा' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील 'मंजूषा' म्हणजे पेटी, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पेटीत ठेवायची वस्तू पेटीच्या मापाची असावी लागते. इतिहास, कला, विज्ञान, भूगोल या शाखांतील सामान्यज्ञानाचे प्रश्न कितीही अवघड केले, तरी त्यांचे उत्तर एका नावात, एका सनात, फार तर एका ओळीत मावले पाहिजे, ही त्यांची पूर्वअट असते. या अटीने आपल्या ज्ञानव्यवहाराला काय दिले आणि त्यातून काय वगळले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी आम्ही मुंबईच्या उपनगरातील पवई निवडली आहे, कारण चारही शाखांतले प्रश्न या एका गावावर काढता येतात.

प्रश्न विचारून ज्ञान पारखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महाभारताच्या वनपर्वातला यक्ष तळ्याकाठी प्रश्न विचारतो. त्याला न जुमानता पाणी प्यालेले चार पांडव निष्प्राण होऊन पडतात. युधिष्ठिर सगळी उत्तरे देतो, पण कथेचा कळस त्यानंतर येतो. एकाच भावाला उठवता येईल, तर कोणाला, असे विचारल्यावर तो नकुलाचे नाव घेतो : कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, माद्रीचाही एक राहावा म्हणून. हे उत्तर पाठ करून ठेवता येण्यासारखे नाही. वेताळाच्या कथांतही विक्रमाला माहिती विचारलेली नसते. निवाडा मागितलेला असतो. या परंपरेत प्रश्न माहितीपासून निघून विवेकापाशी पोचतो.

एकोणिसाव्या शतकात मराठीला नव्या माहितीची भूक लागली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, ते भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठी वाचकाच्या आवाक्यात आणण्यासाठी. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'ची (१८७३) मांडणी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून केली. तेथे एक उत्तर मिळाले की त्यातून पुढचा प्रश्न निघतो. माहिती गोळा करण्याचे सर्वांत मोठे एकहाती धाडस श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. त्यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे खंड १९२० पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि पुढे त्यांची संख्या २३ झाली. अकारविल्हे नोंदींच्या आधी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड घातले, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास असे त्यांचे विषय. सुट्या नोंदी वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्यांना जोडणारी सूत्रे त्याच्यापुढे यावीत, असा हा क्रम होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा क्रम मागे पडला. १९६७ मध्ये कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी खुली प्रश्नमंजूषा भरवली. आकाशवाणीवर हमीद आणि अमीन सयानी यांनी शाळकरी मुलांची 'बोर्नव्हिटा क्विझ' घराघरांत पोचवली, आणि १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर आला. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले तेव्हा उत्तराला थेट रुपयांची किंमत आली, चार पर्यायांसह. त्याचा मराठी अवतार २०१३ मध्ये सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनाखाली अवतरला. या खेळाने सामान्य घरांतल्या मुलामुलींना ज्ञानाची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. आता पवईकडे वळू.

इतिहासाचा प्रश्न : इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला मुंबईचे आंबे पहिल्यांदा कोणी पाठवले? उत्तर : फ्रामजी कावसजी बानाजी, १८३८. हे आंबे पवईच्या बागेतले होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२९ मध्ये पवईची जमीन या पारशी व्यापाऱ्याला भाडेपट्ट्याने दिली होती. तेथे त्यांनी विहिरी खोदल्या, रस्ते बांधले, रयतेसाठी घरे उभारली. ऊस, नीळ आणि रेशमासाठी तुती यांचे प्रयोग केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये त्याची वाखाणणी केली. राणीला आंबे पाठवणे हे त्या काळी नवलच होते : आगबोटीने सुएझपर्यंत, मग खुष्कीने इजिप्त ओलांडून पुन्हा समुद्रमार्गे. मात्र एका ओळीच्या उत्तरात देणारा आणि घेणारी एवढे दोघेच उरतात. त्या विहिरी कोणी खोदल्या, आंब्याची कलमे कोणी जपली, साष्टीतल्या या गावातल्या जुन्या कुळांना नव्या मालकाच्या पट्ट्याने काय भोगावे लागले, यावर प्रश्न निघत नाही. उत्तराला नाव हवे असते आणि ज्यांची नावे दप्तरात नाहीत ते पेटीबाहेरच राहतात.

भूगोलाचा प्रश्न : पवई तलाव नैसर्गिक की कृत्रिम? उत्तर : कृत्रिम, सुमारे १८९० चा. हा प्रश्न अनेकांना चकवतो. मुंबईने विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये बांधला, तरी वाढत्या शहराची तहान भागेना. तानसाचे मोठे काम पुरे व्हायला अवकाश होता, म्हणून तातडीची सोय म्हणून पवईला बांध घातला. १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. पवईचे पाणी मुळात निकृष्ट ठरले आणि पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणून तलावाचे महत्त्व संपले. विहार आणि पवई यांच्या सांडव्याचे पाणी मिळून मिठी नदी होते आणि ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही नदी आहे हे पुष्कळ मुंबईकरांना प्रथमच कळले. तोवर तिला नाला समजण्याची सवय झाली होती. 'कृत्रिम' हे उत्तर बरोबर आहे, पण तलाव आणि पूर यांचा धागा त्यात येत नाही. आणि भूगोल म्हणजे तर हे धागेच.

विज्ञानाचा प्रश्न : पवईची आयआयटी कोणाच्या साहाय्याने उभी राहिली? उत्तर : युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाच्या. १९५८ मध्ये वरळीत वर्ग भरू लागले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. सोव्हिएत यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले, पुढे 'मिन्स्क' हा संगणकही आला. या उत्तराशेजारी आणखी तीन उत्तरे ठेवली की ते बोलू लागते : कानपूरला अमेरिका, मद्रासला पश्चिम जर्मनी, दिल्लीला ब्रिटन. शीतयुद्धात परस्परांकडे पाठ फिरवलेली राष्ट्रे एका देशाच्या तंत्रशिक्षणाला हातभार लावत होती. अलिप्ततावादाचा अर्थ या चार नावांच्या शेजारधर्मातून जितका उमगतो तितका व्याख्येतून उमगत नाही. मंजूषेत मात्र ही चार नावे चार पर्याय म्हणून येतात आणि त्यांतली तीन चूक ठरतात!

कलेचा प्रश्न : रुपयाचे चिन्ह कोणी रेखाटले? उत्तर : उदय कुमार, २०१०. ते पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करीत होते. चिन्हात देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ आहे. साहित्याच्या अभ्यासकाला याच केंद्रातले दुसरे नाव अधिक जवळचे वाटावे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी १९८३ ते १९९६ या काळात येथे अध्यापन करीत होते. पुढे 'विंडोज २०००' बरोबर संगणकावर आलेल्या 'मंगल' या देवनागरी टंकाची अक्षरे त्यांची. संगणकावर मराठी वाचणाऱ्या लिहिणाऱ्या असंख्यांच्या नजरेखालून ही अक्षरे गेली. रुपयाचे चिन्ह परीक्षेत वारंवार विचारले जाते. आपण ज्यात वाचतो त्या अक्षराचा कर्ता क्वचितच. कोणती माहिती 'सामान्य' मानायची, ही निवड कोणीतरी केलेली असते, एवढे यावरून दिसते.

हा विचार खेळापुरता असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु मंजूषेचे माप आता वर्गातही लागू झाले आहे. विद्यापीठीय अध्यापकाच्या पात्रतेसाठीच्या 'नेट' परीक्षेतला दीर्घोत्तरी भाग जून २०१२ पासून गेला आणि सर्व प्रश्नपत्रिका पर्यायी उत्तरांच्या झाल्या. 'गुलामगिरी' कोणत्या साली प्रसिद्ध झाली, हे ओळखणारा उमेदवार मराठीचा अध्यापक होण्यास पात्र ठरू शकतो. धोंडिबा तेथे प्रश्न का विचारतो, हे त्याला लिहून दाखवावे लागत नाही. हजारो उत्तरपत्रिका निःपक्षपातीपणे तपासण्याची अडचण आम्ही जाणतो. पण तपासणीच्या सोयीसाठी स्वीकारलेली रीत हळूहळू शिकण्याची आणि शिकवण्याची रीत होऊन बसते, आणि विद्यार्थी कादंबरीऐवजी तिच्यावरील प्रश्नसंच वाचू लागतो.

सन, नावे, आकडे यांचा कंटाळा करणारा साहित्याभ्यासही आम्हांला मान्य नाही. १८९० आणि १८९२ ही दोन वर्षे ठाऊक नसतील तर पवई तलावाची शोकांतिका कळणारच नाही. केतकरांनीही प्रस्तावनाखंड लिहून नोंदी टाळल्या नाहीत. क्रम तेवढा बदलला. तेव्हा अध्यापकांनी एवढे तरी करावे : एका ओळीचा प्रश्न जरूर विचारावा, आणि उत्तर बरोबर आले की तेथे गुण देऊन न थांबता, या उत्तरात कोण आले नाही, असा दुसरा प्रश्न त्याला जोडावा. त्याचे उत्तर लिहायला विद्यार्थ्याला निदान एक पान कोरे मिळाले पाहिजे.