तारेकडून तबकडीकडे : सीमाभागातील दूरचित्रवाणीची हकीकत

बेळगावातील एखाद्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर सायंकाळी उभे राहिले, तर एक गमतीचे दृश्य दृष्टीस पडते. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कोणत्याही बाजूस पाहावे. कौलांच्या कडेला, पाण्याच्या टाक्यांशेजारी, सज्जांच्या कठड्यांवर लहान लहान तबकड्या बसविलेल्या दिसतात, आणि त्या सर्वांची तोंडे थोड्याफार फरकाने एकाच दिशेस, आग्नेयेस, वळलेली असतात. याचे कारण साधे आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून ते एकाच ठिकाणी स्थिर भासतात. आपल्याकडे घरोघर सेवा देणारे उपग्रह पूर्व रेखांश ८३ ते १०८ यांच्या दरम्यान आहेत, आणि बेळगाव तर ७५ अंशांच्याही अलीकडे. तेव्हा येथील तबकडीला दक्षिण आणि पूर्व यांच्या मधोमध पाहण्यावाचून गत्यंतर नाही. आग्नेय ही अग्नीची दिशा. वास्तुशास्त्र मानणारे त्या कोपऱ्यात चूल मांडावयास सांगतात. घराच्या करमणुकीनेही त्याच दिशेस तोंड करावे, हा योगायोगच म्हणावयाचा.

या तबकड्या येथे आल्या त्या गेल्या वीस वर्षांत. त्यापूर्वी गल्लीगल्लीतून, विजेच्या खांबांवरून आणि प्रसंगी देवळाच्या आवारातील पिंपळाच्या फांदीवरून केबलची काळी तार लोंबत असे. लोकांनी तार सोडून तबकडी का घेतली, हा प्रश्न पुण्यात वा बंगळुरात विचारला तर उत्तर पैशाचे आणि चित्राच्या स्पष्टतेचे मिळेल. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत मात्र तेवढ्याने भागत नाही. येथे घरात कोणत्या भाषेचा आवाज यावा, हा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून प्रत्येक नव्या साधनाबरोबर नव्याने उपस्थित होत आला आहे.

त्या दिवशी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. ज्या शहरात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तेच शहर महाराष्ट्राबाहेर राहिले. पुढे १९६७ सालचा महाजन आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. येथे पाहावयाचे ते इतकेच, की नकाशावरील या रेषेचे ध्वनिलहरींनी आणि चित्रलहरींनी काय केले.

रेडिओने तिला मुळीच जुमानले नाही. धारवाडचे केंद्र जानेवारी १९५० मध्ये सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली, सांगलीचे १९६३ साली. गोवामुक्तीनंतर पणजीचे केंद्रही आकाशवाणीचे झाले. मध्यम लहरींना सरहद्द कळत नाही. खुंटी थोडी फिरविली की धारवाडचे कन्नड गायन, आणखी थोडी फिरविली की सांगलीची मराठी, आणि हवा अनुकूल असेल तर पणजीची कोंकणी. मूळ दैवत गोव्यात, शिक्षण मराठीत आणि शेजार कन्नडिगांचा, अशा येथील सारस्वत घरास याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार?

दूरचित्रवाणीने ही सोय मोडली. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, बंगळूरचे १९८१ साली. १९८४ मध्ये देशभर झपाट्याने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले. परंतु त्यांचा पल्ला जेमतेम पंचवीस किलोमीटरांचा. त्यांच्यावरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम येई, आणि प्रादेशिक भाग येई तो ज्या राज्यात प्रक्षेपक असेल त्या राज्याच्या राजधानीचा. म्हणजे रेडिओने जी रेषा पुसली होती, ती दूरचित्रवाणीने पुन्हा ठळक केली. कोल्हापूर निपाणीपासून सुमारे चाळीस किलोमीटर, परंतु लघुशक्ती प्रक्षेपकाच्या हिशेबात तेवढे अंतरही परदेशासारखेच होते. घराच्या माथ्यावर लोखंडी नळीवर उंच चढविलेला अँटेना आणि तो फिरविणारा मुलगा, खालून ‘आले, आले, गेले’ असे ओरडणारी घरची मंडळी, हे त्या काळातील चित्र ज्यांनी अनुभवले त्यांस विसरता यावयाचे नाही.

त्यातल्या त्यात भाषेचा प्रश्न विसरावयास लावणारी एक गोष्ट झाली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी रामायण आले, आणि त्यामागोमाग २ ऑक्टोबर १९८८ पासून महाभारत. दोन्ही हिंदीत, म्हणजे मराठीही नव्हे आणि कन्नडही नव्हे. ठिकठिकाणी दूरचित्रवाणी संचास हार घालून उदबत्ती लावण्यात येई, ही गोष्ट देशभर नोंदली गेली आहे. त्या तासाभरापुरता संच हाच देव्हारा झाला होता. प्रस्तुत लेखकास ती श्रद्धा हास्यास्पद वाटत नाही. कीर्तनकारासही आपण हार घालतोच.

केबल आली ती यानंतर. आरंभी ती केवळ चित्रफिती दाखवणारी तार होती. जानेवारी १९९१ मधील आखाती युद्ध, आणि त्याच वर्षी एशियासॅट उपग्रहावरून सुरू झालेल्या स्टारच्या वाहिन्या, यांनी तिचे रूप पालटले. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आली. केबलवाल्याच्या गच्चीवर आठ ते बारा फूट व्यासाची जाळीदार छत्री उभी राहिली आणि तेथून तारा फुटून घराघरांत गेल्या. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तार म्हणजे जमिनीवरची आणि तबकडी म्हणजे आकाशातली, असा भेद आपण करतो. वास्तविक केबलही आकाशातूनच पाणी भरीत होती. फरक एवढाच, की घागर केबलवाल्याच्या डोक्यावर होती. कोणाच्या घरात काय पडावे, हे त्याने ठरवावयाचे.

सीमाभागास या घागरीतून मिळालेली मोठी देणगी म्हणजे १९९४ सालच्या दूरदर्शनच्या प्रादेशिक उपग्रह वाहिन्या. मराठीची तीच पुढे, २००० सालापासून, सह्याद्री या नावाने ओळखली जाऊ लागली. कन्नडची चंदना झाली. उदया ही खाजगी कन्नड वाहिनीही १९९४ चीच. १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आणि २००० मध्ये ई टीव्हीच्या मराठी व कन्नड वाहिन्या निघाल्या. प्रक्षेपकाच्या पंचवीस किलोमीटरांच्या रिंगणाबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला आता मुंबईचे नाटक, पंढरपूरची आषाढीची महापूजा, निवडणुकीच्या मतमोजणीच्या बातम्या घरबसल्या मिळू लागल्या. उपग्रहाने राज्यसीमा ओलांडली होती. शिल्लक राहिली होती ती केबलवाल्याची मर्जी.

ही मर्जी लहानसहान नव्हती. त्या काळातील तारेत मावणाऱ्या वाहिन्यांची संख्या मर्यादित होती, आणि जुन्या संचांवर पहिल्या काही क्रमांकांच्या वाहिन्याच स्वच्छ दिसत. म्हणून कोणती वाहिनी घ्यावयाची आणि कोणती कितव्या जागी बसवावयाची, हे ज्याच्या हाती त्याच्या हाती गावाची रसवृत्ती. १९९५ च्या केबल कायद्याने चालकास आपल्या भागाच्या मुख्य टपाल कचेरीत नोंदणी करावयास लावले आणि दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या दाखविण्याचे बंधन घातले. बाकी सर्व त्याच्यावर सोडले. मिश्रभाषी गावात असा मनुष्य कात्रीत सापडतो. एका गल्लीतील वर्गणीदार मराठी, पलीकडच्या गल्लीतील कन्नड, मधले उर्दू बोलणारे; आणि भाषेच्या नावाने वातावरण तापले की पहिला दगड तारेवर पडण्याची धास्ती. तरीही एकंदरीत या चालकांनी दोन्ही भाषा एका तारेत नांदविल्या, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. व्यवहार हा पुष्कळदा राजकारणापेक्षा शहाणा असतो.

शिवाय केबलवाल्याने आणखी एक गोष्ट दिली, जिची किंमत ती गेल्यावर कळली. ती म्हणजे गावची स्वतःची वाहिनी. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, गणेश विसर्जन, महाशिवरात्रीस कपिलेश्वराच्या दर्शनाची रांग, गल्लीतील देवळाचा वर्धापनदिन, भजनी मंडळाची स्पर्धा, एखाद्या बुवांचे कीर्तन: हे सारे त्या वाहिन्यांवर दिसे. छायाचित्रण कच्चे, आवाज चिरका, मध्येच सराफाच्या दुकानाची जाहिरात. परंतु अंथरुणास खिळलेल्या आजीस आपल्या देवळाची पालखी त्याच दिवशी पाहावयास मिळे, आणि पालखीस खांदा दिलेला नातू पडद्यावर दिसे. सह्याद्री किंवा झी यांपैकी कोणीही ते दाखविणार नव्हते.

घरोघरच्या तबकडीस सरकारने परवानगी देण्याचे ठरविले ते नोव्हेंबर २००० मध्ये. २००३ साली डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनामूल्य सेवा (हल्लीची डीडी फ्री डिश), २००६ मध्ये टाटा स्काय, आणि त्यानंतर सन डायरेक्ट, एअरटेल वगैरे आल्या. दीड-दोन फुटांची तबकडी, एक पेटी, एक कार्ड. आणि गल्लीतील कोणाही माणसाशी संबंध नाही. रात्री अकरा वाजता तार तुटली म्हणून केबलवाल्याच्या दारात उभे राहावयास नको, की वर्गणीच्या दिवशी त्याच्या पोराची वाट पाहावयास नको. जेथे तार पोचलीच नव्हती अशा खानापूर तालुक्यातील जंगलातल्या वाड्यांना आणि शेतावरील घरांना तर तबकडी हेच पहिले साधन. वस्तुतः कर्नाटकाला ही कल्पना नवी नव्हती. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात देशातील २,४०० खेड्यांपैकी काही कर्नाटकात होती, आणि तेथील सार्वजनिक संचांवर अमेरिकी उपग्रहाचे कार्यक्रम थेट जाळीच्या छत्रीतून येत. म्हणजे तबकडी ही तारेची धाकटी बहीण नसून थोरली होय.

मर्जीचा प्रश्न मात्र सुटला नाही; तो दूर गेला. कंपन्यांनी वाहिन्यांचे जे संच बांधले त्यांत दक्षिणेच्या राज्यांकरिता निराळे, पुष्कळदा स्वस्त, संच होते. निपाणीचा मराठी माणूस कर्नाटकाचा रहिवासी, म्हणून त्याच्या पुढ्यात दक्षिणेचा संच यावयाचा. त्याची मांडणी कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम यांच्याभोवती. मराठी पाहिजे तर वर पैसे. केबलवाल्याशी भांडता येत होते, त्याला नावाने हाक मारता येत होती. कोठल्या शहरातून बोलते हे न कळणाऱ्या फोनवरील मुलीस सीमाप्रश्न काय समजावून सांगावयाचा? ३६,००० किलोमीटरांवरून उतरलेली लहर कागल आणि निपाणी यांत भेद करीत नव्हती. दरपत्रक करीत होते.

पावसाची गोष्ट निराळी. केबलवाल्याची मोठी छत्री ज्या लहरी झेलीत असे त्यांची लांबी अधिक, म्हणून पाऊस त्यांस फारसा अडवीत नसे. घरच्या छोट्या तबकडीच्या लहरी आखूड, आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. बेळगावच्या आषाढाचा जोर ज्यांस ठाऊक आहे त्यांस पुढचे सांगावयास नको. नेमकी पंढरपूरची महापूजा सुरू व्हावी, आणि पडद्यावर विठ्ठलाऐवजी ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी यावी! वरुणराजाने वारकऱ्यास भिजवावे हे समजू शकते. घरात बसलेल्यासही त्याने सोडू नये?

तारेवरून तबकडीकडे लोक मोठ्या संख्येने वळण्यास खरा धक्का दिला तो कायद्याने. २०११ च्या दुरुस्तीने केबलही टप्प्याटप्प्याने अंकीय करण्याचे ठरले. महानगरे २०१२ मध्ये, बंगळूर-म्हैसूरसारखी शहरे २०१३ मध्ये, बेळगाव-निपाणीसारखी उरलेली शहरे तिसऱ्या टप्प्यात, ज्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. आणि खेडी शेवटी, मार्च २०१७ पर्यंत. पेटी दोहोंकडे घ्यावयाचीच, मग तार कशास ठेवा, असा विचार अनेक घरांनी केला. त्यानंतर दूरसंचार नियामकाच्या नव्या दरनियमांनी १ फेब्रुवारी २०१९ पासून १३० रुपये अधिक करात शंभर वाहिन्या आणि सशुल्क वाहिन्या एकेक निवडण्याची मुभा दिली. दूरदर्शनच्या वाहिन्या त्या शंभरांत सक्तीच्या. तेव्हा सह्याद्री आणि चंदना शेजारी शेजारी बसल्या. दक्षिण आणि उत्तर अशा संचांचे जोखड बरेच सैल झाले. हिशेब करता करता अनेकांचे बिल पूर्वीपेक्षा वाढले, हा भाग अलाहिदा.

कोंकणीची कथा याहून उपेक्षेची आहे. १९७५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा, १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात स्थान. परंतु आकाशात तिला जागा नव्हती. पणजी दूरदर्शनचे कार्यक्रम घाटाखालीच राहिले. ९ मार्च २०१९ रोजी अकरा राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या उपग्रहावरून फ्री डिशवर आल्या, त्यांत गोव्याची एक होती. ज्या सेवेस मासिक वर्गणीच नाही, जी गरिबाची तबकडी म्हणून ओळखली जाते, तिच्यातून कोंकणी प्रथमच बेळगावच्या घरात उतरली. सधन घरांच्या महागड्या पेट्यांतून ती आधी यावयास हवी होती.

आणि आता तार परत येत आहे. काचतंतूची बारीक तार घरात येते, तीवरून फोन, संगणक आणि दूरचित्रवाणी एकत्र चालतात. पुष्कळदा ती आणून देणारा मनुष्य तोच, जुना केबलवाला. देशातील तबकडीचे वर्गणीदार एके काळी सुमारे सात कोटी होते, ते मार्च २०२५ अखेर सहा कोटींच्या खाली आले. देवस्थाने स्वतःच आपल्या उत्सवांचे प्रक्षेपण करू लागली आहेत. त्यास ना केबलवाल्याची मर्जी लागते, ना कंपनीचे दरपत्रक. अंथरुणावरच्या आजीस पालखी पुन्हा दिसते, आणि पुण्यास वा मस्कतला असलेल्या नातवासही. फक्त आजीला ती नातसुनेच्या हातातील चार बोटांच्या पडद्यावर, चष्मा पुसून पुसून, पाहावी लागते.

गच्चीवरच्या तबकड्या मात्र कोणी काढीत नाही. वर्गणी बंद झाली तरी त्या गंजत, आग्नेयेकडे पाहत, तशाच उभ्या आहेत. काहींच्या दांड्यांवर वाळत घातलेली धोतरे दिसतात.