खिडकी बंद करायची, हे ठरवतं कोण?

आजचा प्रश्न संगणकाचा वाटेल. पण तो आहे ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्या नात्याचा. म्हणून तत्त्वज्ञानाचा मास्तर त्यात डोकं घालतो आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. ती चालते व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर. पडद्यावरच्या खिडक्या स्मॉलटॉक स्वतःच रंगवत असे. माऊसचं बटण दाबलंय का, हे आतले प्रोग्राम पुन्हापुन्हा विचारत. लाइबनिझने १७१४ साली मांडलेला स्वयंपूर्ण मोनॅड आठवावा, असं ते जग होतं.

१९९६ मध्ये के, इंगल्स प्रभृतींनी ॲपलमध्ये स्क्वीक हा स्मॉलटॉकचा नवा अवतार आणला. आता हे जग भाडेकरू झालं. मॅक, विंडोज, युनिक्स असे घरमालक. त्यांनी दिलेल्या एका खिडकीत सगळा संसार! शिवाय विचारत राहण्यात धोका असतो. बटण दाबून सोडलं आणि मधल्या क्षणी कोणी विचारलंच नाही, तर ती घटना जणू घडलीच नाही. म्हणून पुढे रांग आली. ऑपरेटिंग सिस्टीमने कळवलेली घटना मशीन आठ रकान्यांत नोंदवतं: पहिल्यात प्रकार, दुसऱ्यात वेळ, शेवटच्यात खिडकीचा क्रमांक. आतलं जग सवडीने नोंद उचलतं.

आता बघा, ‘बटण दाबलं’ ही बातमी आहे. ‘खिडकी बंद करा’ ही मात्र विनंती आहे. स्मॉलटॉकचं सगळं जग स्मृतीत जिवंत असतं. मशीनने परस्पर दिवा मालवला, तर जतन न केलेलं काम गेलंच. म्हणून खिडकीच्या घटनांना यादीत स्वतंत्र प्रकार मिळाला. ‘जतन करू का?’ हे आतल्याने विचारायचं.

जावातही हाच पेच दिसतो. एडब्ल्यूटीची खिडकी, प्रोग्रामरने सोय केली नाही तर, फुली दाबूनही बंद होत नाही. १९९८ च्या स्विंगमध्ये ती आपोआप नुसती लपते. प्रोग्राम चालूच राहू शकतो. दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे!

आणि आतलंच जग अडकून पडलं तर? विनंती रांगेत पडून राहते. शेवटी बाहेरून जबरदस्तीने प्रोग्राम मारावा लागतो. म्हणजे अंतिम सत्ता घरमालकाचीच. पण ती वापरण्याआधी दार वाजवणं आणि उत्तराला अवधी देणं, एवढी रीत या इतिहासात घडत गेली. ती रीत नसेल, तर किंमत मोजतो तो पडद्यासमोर बसलेला माणूस.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.