हक्क वर्गात आले तेव्हा

कायदा हा वकिलांचा विषय, मुलांनी नागरिकशास्त्राचे धडे पाठ केले की झाले, ही समजूत अमेरिकेत न्यायालयांनी हलवली. अ‍ॅरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलाला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून वयाच्या २१व्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. त्याच गुन्ह्यासाठी प्रौढाला ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद होती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचाही वकिलाचा आणि मौनाचा हक्क मान्य केला. पण हक्क ज्याचा, त्यालाच तो ठाऊक नसेल तर निकालपत्र कपाटातच राहते. १९७२पासून जॉर्जटाउन विद्यापीठाचे विधी विद्यार्थी वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत रोजच्या व्यवहारातला कायदा शिकवू लागले. हाच ‘स्ट्रीट लॉ’ उपक्रम.

हक्क शिकलेली मुले भांडखोर होतात, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. मात्र या वर्गांतल्या अभिरूप खटल्यात मुलाला कधी आरोपीची, तर कधी सरकारी वकिलाची बाजू मांडावी लागते. दुसऱ्याचाही हक्क असतो, हे तिथेच उमगते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: कायदाच अन्यायी असेल तर तो शिकवून काय साधणार? १९८०च्या दशकात हा उपक्रम डर्बनच्या नाताळ विद्यापीठामार्फत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत गेला, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पण कायदा काय आहे हे कळल्यावरच तो कसा असावा, हे नेमकेपणाने विचारता येते. कायद्याचे शिक्षण म्हणजे आज्ञाधारकपणाचे शिक्षण नव्हे, ते याच अर्थाने.