केरकर, केसरबाई : अप्रकाशित ध्वनिमुद्रणे

जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या खाजगी मैफलींत ध्वनिफितींवर उतरलेले व रसिकांच्या संग्रहांतून हस्तांतरित होत राहिलेले गायन. ध्वनिमुद्रणाविषयी बाईंची नाखुषी सर्वश्रुत असल्याने, ज्या गायनास त्यांची मंजुरी नव्हती ते ऐकावे काय, हा या ध्वनिमुद्रणांविषयीच्या वादातील पहिला मुद्दा होय. मंजूर तबकड्याच प्रमाण मानणारा पक्ष त्यांतील रेखीवपणाचा दाखला देतो. परंतु अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असल्यामुळे, बाईंचे गुरू उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या तालमीचे सार असलेली संथ बढत, अखंड दमसास आणि पेचदार तानेतून अवचित गाठलेली सम यांचा पुरता प्रत्यय मैफलीच्या फितींवाचून येत नाही, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास अधिक सबळ वाटतो. अर्थात नक्कल करताना फितीची गती किंचित वाढली तरी षड्ज चढतो आणि आकाराचा भरदारपणा उणावतो, हे श्रोत्याने ध्यानी ठेवावे. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेली त्यांची भैरवी प्रकाशित ध्वनिमुद्रणांपैकी आहे.