न विचारता छापलेली कविता: अठराव्या शतकातली इंग्रजी मासिकं कविता आणायची तरी कुठून?

१० फेब्रुवारी १७५१. केंब्रिजमध्ये राहणाऱ्या थॉमस ग्रे या कवीला लंडनहून एक पत्र आलं. ‘मॅगझिन ऑफ मॅगझिन्स’ नावाच्या मासिकाने त्यात कळवलं होतं की, तुमची एक कविता आमच्या हाती आली आहे आणि ती आम्ही छापत आहोत. भाषा नम्र होती, पण परवानगीसाठी थांबायची तयारी दिसत नव्हती.

ही कविता म्हणजे पुढे जगभर गाजलेली ‘एलिजी’, खेड्यातल्या दफनभूमीत सुचलेली १२८ ओळींची शोककविता. ग्रेने ती तोवर कुठेही प्रसिद्ध केलेली नव्हती. मग ती मासिकापर्यंत पोहोचली कशी? ती छापायचा हक्क मासिकाला होता का? आणि ग्रेने काय केलं?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना अठराव्या शतकातल्या इंग्रजी मासिकांची एक पूर्ण व्यवस्थाच समोर येते. दुसरीकडची कविता उचलून आपल्याकडे छापणं हा त्या व्यवस्थेचा रोजचा भाग होता.

मॅगझिन म्हणजे कोठार

‘मॅगझिन’ हा शब्द मूळचा अरबी. ‘मखझन’ म्हणजे माल साठवायची जागा, कोठार. आपला ‘खजिना’ हा शब्दही त्याच अरबी धातूपासून फारसीमार्गे मराठीत आला आहे. इंग्रजीत मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचं किंवा मालाचं कोठार असा अर्थ आधीपासून होता. नियतकालिकासाठी हा शब्द रूढ केला तो एडवर्ड केव्ह या प्रकाशकाने.

केव्ह हा रग्बी गावातल्या एका चांभाराचा मुलगा. त्याने पोस्टात नोकरी केली होती. देशभरातली वर्तमानपत्रं टपालाने जायची, त्यामुळे गावोगावच्या बातम्या त्याच्या नजरेखालून जात. एवढी सगळी वर्तमानपत्रं विकत घेणं सामान्य वाचकाला परवडणारं नव्हतं. त्यातलं निवडक साहित्य महिन्यातून एकदा एकत्र दिलं तर? या कल्पनेतून जानेवारी १७३१ मध्ये ‘द जंटलमन्स मॅगझिन’ सुरू झालं. किंमत ६ पेन्स. संपादक म्हणून केव्हने ‘सिल्व्हेनस अर्बन’ असं टोपणनाव घेतलं. रान आणि शहर, दोन्हींकडचा वाचक त्यात आला. मासिकाच्या पहिल्या पानावर फुलांचा गुच्छ धरलेला हात असायचा आणि सोबत ‘अनेकांतून एक’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य.

मासिकाचा खप एके काळी दहा हजार प्रतींवर होता, असं तिथेच काम केलेल्या सॅम्युएल जॉन्सनने पुढे सांगितलं आहे. एक प्रत अनेक जण वाचत असल्यामुळे वाचक त्याहून कितीतरी जास्त होते. हे यश पाहून १७३२ मध्ये लंडनच्या इतर पुस्तकविक्रेत्यांनी ‘द लंडन मॅगझिन’ काढलं. १७३९ मध्ये एडिंबरात ‘द स्कॉट्स मॅगझिन’ आलं, तर १७४७ मध्ये ‘द युनिव्हर्सल मॅगझिन’. ग्रेला पत्र पाठवणाऱ्या ‘मॅगझिन ऑफ मॅगझिन्स’चं तर नावच ‘मासिकांचं मासिक’. इतरांनी गोळा केलेल्या मालातून पुन्हा निवड करायची, हाच त्याचा धंदा.

कविता कुठून यायच्या?

‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये दर महिन्याला कवितांसाठी स्वतंत्र पानं असत. ती भरण्याचे मार्ग अनेक होते.

पहिला मार्ग म्हणजे वाचकांनी पाठवलेल्या कविता. पाद्री, शिक्षक, वकील, विद्यार्थी, घरी बसून लिहिणाऱ्या स्त्रिया असे सगळेच पाठवत. बहुतेकांना मानधन नसे. केव्हने एकदा ५० पौंडांचं बक्षीस लावून कवितास्पर्धाही घेतली. एवढ्या रकमेसाठी देशातले मोठे कवी धावून येतील, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आलेल्या नावांमध्ये कुणालाही माहीत असलेलं एकही नाव नव्हतं, असं जॉन्सनने केव्हच्या चरित्रात नोंदवलं आहे.

दुसरा मार्ग नव्या पुस्तकांचा. एखादा काव्यसंग्रह किंवा दीर्घकविता बाजारात आली की तिच्यातला उतारा मासिकात यायचा. प्रकाशकही अनेकदा याकडे फुकटची जाहिरात म्हणून पाहत. तिसरा मार्ग म्हणजे इतर वर्तमानपत्रं आणि मासिकं. लंडनच्या अंकातली कविता एडिंबरात छापली जायची आणि तिथली डब्लिनमध्ये.

चौथा मार्ग हस्तलिखितांचा. त्या काळी बरेच कवी कविता छापायला न देता मित्रांना पाठवत. मित्र त्याची नक्कल करून दुसऱ्या मित्राला देत. अशी एखादी नक्कल फिरत फिरत छापखान्यात पोहोचली की कवीच्या हातातून गोष्ट गेलीच. ग्रेचं नेमकं हेच झालं होतं. १२ जून १७५० रोजी त्याने ही कविता मित्र होरेस वॉलपोलला पाठवली. वॉलपोलला ती इतकी आवडली की त्याने ती ओळखीच्यांना दाखवायला सुरुवात केली आणि नकला फिरू लागल्या.

अशा सुट्या, इकडेतिकडे फिरणाऱ्या कवितांना इंग्रजीत ‘फ्युजिटिव्ह’ म्हणत. म्हणजे निसटलेल्या, पुस्तकात बांधून न ठेवलेल्या. मासिकात छापून आल्या नसत्या तर यातल्या कित्येक कविता कायमच्या हरवल्या असत्या.

हे बेकायदा नव्हतं का?

पूर्णपणे नाही. इंग्लंडमध्ये १७१० मध्ये राणी ॲनच्या काळातला कॉपीराइट कायदा लागू झाला होता. नव्या पुस्तकाला १४ वर्षं संरक्षण आणि तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षं, अशी त्यात तरतूद होती. पण कायद्याच्या डोळ्यांसमोर होतं ते पुस्तक. एखाद्या मासिकातली सुटी कविता दुसऱ्याने उचलली म्हणून कोर्टात जाणं ही सहसा कुणाला परवडणारी किंवा सुचणारी गोष्ट नव्हती. पुस्तकाचा खराखुरा संक्षेप करणं म्हणजे चोरी नाही, अशी भूमिका कोर्टानेही घेतली होती. आयर्लंडला तर हा कायदा लागूच नव्हता.

अप्रकाशित लेखनाबाबत मात्र लेखकाची बाजू थोडी भक्कम होती. १७४१ मध्ये अलेक्झांडर पोप या कवीने एडमंड कर्ल या प्रकाशकावर आपली खासगी पत्रं छापल्याबद्दल दावा लावला होता. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण त्यातल्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, असा निकाल कोर्टाने दिला. म्हणजे ग्रेलाही कोर्टाचा रस्ता होता. पण मासिक काही दिवसांतच निघणार होतं.

ग्रेने काय केलं?

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, ग्रेने वॉलपोलला लिहिलं. रॉबर्ट डॉड्स्ली या प्रकाशकाकडून कविता ताबडतोब छापून घ्यावी, तिच्यावर आपलं नाव नसावं, आणि ती योगायोगाने प्रकाशकाच्या हाती लागली असं सांगणारी ओळ वर घालावी, अशा त्याच्या सूचना होत्या. कडव्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडू नये, इतकं बारीक त्याने कळवलं होतं.

१५ फेब्रुवारीला डॉड्स्लीची पुस्तिका बाजारात आली. दुसऱ्या दिवशी ‘मॅगझिन ऑफ मॅगझिन्स’चा अंक आला. त्यात कविता तर होतीच, शिवाय ग्रेला टाळायचं होतं ते नावही होतं. ग्रेने शर्यत जेमतेम एका दिवसाने जिंकली आणि तरीही त्याचं नाव जगजाहीर झालं. पाठोपाठ इतर मासिकांनीही कविता छापली.

पुस्तिकेची किंमत होती ६ पेन्स. म्हणजे एका कवितेच्या पैशात वाचकाला ‘जंटलमन्स मॅगझिन’चा अख्खा अंक मिळत होता. या हिशोबाने मासिकांमुळे पुस्तिकेचा खप बुडायला हवा होता. पण त्याच वर्षी डॉड्स्लीला तिच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागल्या. त्या खपातलं ग्रेने काही घेतलं नाही. लिहिण्याचे पैसे घेणं सभ्य गृहस्थाला शोभत नाही, अशी त्याची समजूत होती.

नाव नसण्याचा फायदा कुणाला?

ग्रेला नाव नको होतं, कारण समाजात त्याचं स्थान आधीच पक्कं होतं. ज्यांचं तसं स्थान नव्हतं, त्यांच्यासाठी ही पानं वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरली.

एलिझाबेथ कार्टर ही केंटमधल्या एका पाद्र्याची मुलगी. १७३४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, तिची कविता ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ‘एलायझा’ या नावाने आली. प्रकाशकाच्या दारात न जाता, पदरचे पैसे न घालता तिला वाचक मिळाले. चार वर्षांनी केव्हनेच तिचं छोटं पुस्तक काढलं आणि पुढे ती इंग्लंडमधल्या नामवंत विदुषींमध्ये गणली गेली. १७८७ मध्ये ‘युरोपियन मॅगझिन’मध्ये ‘ॲक्सिओलोगस’ अशा भारदस्त ग्रीक नावाने एक सुनीत छापून आलं. तो सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि ती त्याची पहिली छापील कविता.

पण टोपणनावामागच्या प्रत्येकाची ओळख अशी पुढे आली नाही. एका मासिकातली कविता दुसऱ्याने घेताना नाव गळायचं, कधी शीर्षक बदलायचं, कधी कडवी कापली जायची. चौथ्या-पाचव्या पुनर्मुद्रणापर्यंत कविता कुणाची हे सांगायला कुणी उरत नसे. आज मोबाइलवर फॉरवर्ड होणाऱ्या कवितांचं जे होतं, तेच.

मासिकातून संग्रहात, कोलकात्यातून लंडनला

मासिकांच्या जोडीला ‘मिसेलनी’, म्हणजे अनेक कवींच्या कवितांचे मिश्र संग्रहही जोरात होते. सर्वांत वजनदार संग्रह डॉड्स्लीचाच. १७४८ मध्ये त्याचे तीन खंड आले आणि १७५८ पर्यंत ते सहा झाले. ‘एलिजी’ १७५५ च्या चौथ्या खंडात गेली. या संग्रहांतल्या कविता मासिकं उचलत आणि मासिकांतल्या कविता संग्रहांत जात.

या साखळीचं एक टोक भारतातही होतं. १७८५ मध्ये कोलकात्यात फ्रान्सिस ग्लॅडविनच्या पुढाकाराने ‘एशियाटिक मिसेलनी’ निघाली. सर विल्यम जोन्स यांनी नारायणावर रचलेलं इंग्रजी स्तोत्र तिच्यात छापलं गेलं. १७८७ मध्ये याच नावाने लंडनमध्ये या साहित्याचं पुनर्मुद्रण झालं.

१७७४ मध्ये काय बदललं?

लंडनचे मोठे प्रकाशक म्हणत, कायद्यातली मुदत संपली तरी पुस्तकावरचा आमचा हक्क कायमचा आहे. एडिंबराचा अलेक्झांडर डोनाल्डसन हे मानायला तयार नव्हता. १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याच्या बाजूने कौल दिला. हक्क मुदतीपुरताच, त्यानंतर पुस्तक सर्वांचं. त्यानंतर जुन्या कवींच्या स्वस्त मालिका निघू लागल्या. जॉन बेलची इंग्रजी कवींची मालिका १०० हून अधिक खंडांची झाली.

मुदतीच्या आतला हक्क मात्र आता जास्त कडकपणे बजावला जाऊ लागला. ग्रे १७७१ मध्ये वारला होता. त्याच्या साहित्याची जबाबदारी मित्र विल्यम मेसनकडे होती. जॉन मरे या प्रकाशकाने ग्रेच्या कवितांची आवृत्ती काढली. तिच्यात मेसनने पहिल्यांदा छापलेल्या सुमारे ५० ओळी होत्या. तेवढ्यासाठी मेसन कोर्टात गेला आणि १७७७ मध्ये मनाई हुकूम मिळवला. १७५१ मध्ये १२८ ओळी वाचवण्यासाठी ग्रेकडे घाईने छापण्याचा उपाय होता. २६ वर्षांनी ५० ओळींसाठी कोर्ट दारात उभं राहिलं.

आज याचं काय?

साहित्याच्या इतिहासात आपण सहसा कवींची पुस्तकं मोजतो. सामान्य वाचक मात्र कविता वाचत होता ती मासिकात, बाजारभाव आणि मृत्युवार्तांच्या शेजारी. म्हणून अभ्यासक आता या पानांकडे वळले आहेत. अमेरिकन अभ्यासक एमिली लॉरेन द माँतल्युझँ यांनी ‘जंटलमन्स मॅगझिन’मधल्या १७३१ ते १८०० या काळातल्या कवितांची सूची तयार केली आहे. ऑक्सफर्डमध्ये मिसेलनी संग्रहांचा ऑनलाइन डेटाबेस आहे. कोणती कविता किती वेळा आणि कुठे छापली गेली, हे त्यामुळे शोधता येतं.

या शोधातून काही टोपणनावांमागची माणसं सापडतात. बाकीच्यांची फक्त कविता आहे, खाली एखादं अक्षर किंवा गावाचं नाव. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पैसेही दिले नव्हते. पण ज्या हातांनी न विचारता त्यांच्या ओळी उचलल्या, त्याच हातांमुळे त्या ओळी आज वाचायला मिळतात.